वरकस गेली की बाव आटते

(उन्हाळी शिबिरात दुसऱ्या दिवशी युवा गटाने केलेलं भाषण. ज्या पाड्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्यावर वाचून दाखवावं.)

 

काल जमिनीच्या कायद्यावर बोलणं झालं. आज आम्हाला पाण्यावर बोलायला सांगितलंय. पण पाण्याचं बोलताना जमिनीचंच बोलावं लागणार, त्याला इलाज नाही.

कंपनीचा माणूस पाड्यावर येतो तेव्हा काय सांगतो ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. "तुमच्या भातशेतीला आम्ही हात लावत नाही. आम्हाला फक्त वरची वरकस पाहिजे. तिथे काय पिकतं? गवत आणि दगड." सोबत आलेला सरकारी माणूस मान हलवतो. ऐकायला हे गोड आहे. खालचं भात राहील, वरकसचे पैसे येतील, एखाद्या पोराला गेटवर नोकरी लागेल. काही घरांना हे पटलं, आणि त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. घरात दाणा नसताना कोणालाही पटेल. पण वरकस गेल्यावर खालचं भात खरंच राहतं का, हे कोणी तपासलं नव्हतं. ते आम्ही तपासलं.

त्यासाठी मशीन लागली नाही. डालड्याचा गोल डबा घेतला, दोन्ही बाजूंची झाकणं कापून काढली. तो डबा जमिनीत चार बोटं ठोकला. ठोकताना वर फळीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे डबा वाकत नाही. आत एक पळसाचं पान टाकायचं आणि त्या पानावर तांब्याभर पाणी ओतायचं. पान नसेल तर धारेने माती उखळते आणि हिशोब चुकतो. पहिला तांब्या मोजायचा नाही, कारण कोरडी माती तो अशीच पिऊन टाकते. तो जिरला की दुसरा ओतायचा आणि तेव्हा घड्याळ बघायचं. प्रत्येक जागी दोन-दोन हात सोडून तीन ठिकाणी ठोकायचं, कारण एखादा डबा नेमका उंदराच्या बिळावर बसतो.

आम्ही चार जागी गेलो. पहिली जागा ऐन-कुड्याचं रान, खाली पाल्याचा थर. दुसरी वरकसचं गवत, जिथे नागली काढून तीन वर्षं जमीन सोडून दिलेली. तिसरी जागा टेकडीवर जो कारखाना आधीच झालाय त्याच्या भिंतीला लागून सपाट केलेला माळ, जिथे ट्रक उभे राहतात. चौथी त्याच कारखान्याची झाडांची रांग, जिला ते हरितपट्टा म्हणतात.

रानात दुसरा तांब्या तंबाखू मळून होईपर्यंत गायब झाला. एका जागी तर पाणी खाली जाताना आवाज आला. गवतात जरा वेळ लागला, एक बिडी ओढून झाली. ट्रकच्या माळावर डबा ठोकायलाच घाम निघाला, फळी फुटली. तिथे पाणी ओतून आम्ही भाकरी खायला बसलो, भाकरी झाली, भांडी घासली, आणि पाणी डब्यात तसंच चकाकत होतं. चौथ्या जागेचं पुढे सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

एका आजोबांनी आम्हाला विचारलं, "पोरांनो, हे मला लहानपणापासून माहीत आहे, त्याला डबा कशाला?" आजोबा, तुम्हाला माहीत आहे, पण प्रांताच्या ऑफिसात तुमचं माहीत असणं चालत नाही. तिथे वहीत लिहिलेलं लागतं, आणि कुठे, कधी, किती वेळ हे लागतं.

आता असं का होतं ते बघू. आम्ही बारावीपर्यंत शिकलेले आहोत, त्यात जे पुस्तकात होतं आणि जे रानात दिसतं ते जुळवून सांगतो.

मोठा पावसाचा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर असतो. उघड्या मातीवर तो गोटीसारखा आपटतो. मातीचे कण फुटतात, बारीक पीठ होतं, आणि ते पीठ मातीच्या भोकांत जाऊन बसतं. पहिल्या दोन-तीन पावसात उघड्या जमिनीवर सारवल्यासारखी पापडी धरते. ऊन पडलं की तिचे पापुद्रे उचलून येतात, ते तुम्ही पाहिलेत. त्या पापडीखाली माती कोरडी असली तरी वरचं पाणी आत जात नाही, उताराला पळतं. गवत असलं, पाला असला, की थेंब त्याच्यावर फुटतो आणि थेंबथेंब करून खाली उतरतो. मग पापडी धरत नाही.

दुसरं काम मुळं करतात. मूळ आत घुसतं, मरतं, कुजतं, आणि त्याच्या जागी पोकळ नळी राहते. गवताची मुळं म्हणजे अशा हजारो नळ्या. त्यात गांडुळं, वाळवी, मुंग्या यांची बिळं. पाल्याखाली ओल असते म्हणून हे जीव वर येतात आणि माती पोखरतात. पाणी मुरतं ते जास्त करून या वाटांनी. पाला नाही तर गांडूळ नाही, आणि गांडूळ नाही तर वाट नाही.

आणि कारखान्याच्या जागेवर काय होतं? आधी बुलडोझर वरची वीतभर माती खरवडून एका बाजूला लोटतो. जिवंत माती तेवढीच असते. ती एक तर भरावात जाते, नाही तर साहेबाच्या बंगल्याच्या बागेत. खाली उघडा पडतो मुरूम. त्याच्यावर रोलर फिरतो, मग ट्रक. भरलेला साधा ट्रक कित्येक टनांचा असतो. तो रोज त्याच जागी वळला की मातीची भोकं दाबून बंद होतात. अशा जमिनीत पाणी जात नाही आणि मूळही शिरत नाही. म्हणून ट्रक जाणं बंद झालं तरी ती जमीन लवकर सुधारत नाही.

थोडा आकड्यांचा हिशोब करू. घाबरू नका, हंड्यांत करू. शेतीच्या पुस्तकात असं दिलंय की ओली झाल्यावर चिकण माती तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी पिते, आणि रेताड माती ३० मिलिमीटरच्या वर पिते. आपल्याकडे आषाढात एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडणं काही नवलाचं नाही. एक एकरावर ५० मिलिमीटर म्हणजे २ लाख लिटर पाणी. १५ लिटरचा हंडा धरला तर तेरा हजारांवर हंडे, एका तासात, एका एकरावर. जमीन पापडी धरलेली असेल आणि तासाला पाचच मिलिमीटर पीत असेल, तर त्यातले नऊ भाग नाल्याला गेले आणि एक भाग मुरला. वर्षाचा पाऊस आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर आहे. म्हणजे एका एकरावर ८० लाख लिटरच्या वर पाणी पडतं. एवढं पाणी पडूनही आमच्या बाया वैशाखात डवऱ्यावर रात्री नंबर लावतात. मग ते पाणी जातं कुठे, हा प्रश्न विचारायचा की नाही?

त्याचं उत्तर वरकसमध्येच आहे. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. वर तांबूस माती, मग मुरूम, आणि खाली पाषाण. पाषाण पाणी पीत नाही, त्याच्या फटीत शिरेल तेवढंच. पाणी साठतं ते मुरमात. टेकडीवर मुरलेलं पाणी मुरमातून हळूहळू खाली सरकतं आणि पाषाण लागला की आडवं चालतं. जिथे उताराला तोंड मिळतं तिथे झरा फुटतो. पाड्याची बाव, ओहोळातले डवरे, सगळे या टेकडीच्या पायथ्याशीच का आहेत? आपल्या पूर्वजांनी पाडा पाण्यावर बसवलाय.

आणि भाताचं ऐका. हळवं भात लवकर निघतं, ते पावसावर निभतं. गरवं भात पाऊस गेल्यावरही शेतात उभं असतं. आश्विनात आभाळ कोरडं झाल्यावर त्याला ओल कोण देतं? वरच्या वरकसमधून जे पाझरून येतं ते देतं. म्हणून गरव्याचं शेत नेहमी खोलगट जागी, टेकडीच्या पायाशी असतं. तो पाझर तुटला की लोंबी बाहेर येते पण दाणा भरत नाही, पळींज होतो. जो कारखाना आधीच झालाय, त्याच्या खालच्या अंगाला ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारा. पावसात त्यांच्या बांधावरून मुरूम आणि रेती येऊन आवणावर बसते, आणि पाऊस उघडला की शेताला भेगा जातात. आधी पुराने मारतात, मग तहानेने. त्या लोकांची एक गुंठा जमीनसुद्धा कंपनीने घेतलेली नाही. सरकारच्या कागदावर ते बाधित नाहीत.

सातबारावर वरकसचा आकार कमी, कुठे पोटखराबा लिहिलेलं, पिकाच्या रकान्यात गवत किंवा पड. म्हणून तिची किंमतही कमी धरतात. ज्यांच्या जंगल प्लॉटच्या केसेस अजून चालू आहेत त्यांचं तर कागदावर नावच नाही. पण खालच्या भाताची आणि बावेची किंमत वरकसच्या किमतीत कोणी मिळवली का? मिळवायची तर वरकसला पडीक म्हणता येणार नाही.

आता चौथी जागा. कंपनीवाले म्हणतात, आम्ही एक झाड तोडलं तर दोन लावू. फाईलमध्ये झाडांचा आकडा असतो. आम्ही त्या रांगेत गेलो. निलगिरी, सुरू, गुलमोहर, एका ओळीत, बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे. साहेब येणार म्हणून खालची जमीन झाडून लख्ख केलेली, पानसुद्धा ठेवलेलं नाही. तिथे डबा ठोकला. झाडाच्या आळ्यात, जिथे खड्डा खणून माती भरलेली होती, तिथे पाणी बरं मुरलं. आळ्याच्या बाहेर दोन पावलांवर ट्रकच्या माळासारखीच गत. वर सावली होती आणि पाणी मात्र उभं होतं.

मग आम्ही भिंतीच्या मागच्या कोपऱ्यात गेलो. तिथे भंगार पडलेलं, गाडी जात नाही, कोणी झाडत नाही, लोक सांगतात चार-पाच वर्षं तशीच आहे. तिथे एकही लावलेलं झाड नाही. पण गवत, टाकळा, रानतुळस, घाणेरी असं माजलेलं. तिथे पाणी हरितपट्ट्याच्या जमिनीपेक्षा कितीतरी लवकर गेलं. रानाइतकं नाही, गवताळ वरकसइतकंही नाही, पण गेलं. त्या कोपऱ्याला कंपनी कचरा म्हणते.

यावरून आमचं मत असं झालंय की झाडं मोजणं ही फसवणूक आहे. जमीन किती झाकली आहे ते मोजलं पाहिजे. वर झाड, मध्ये झुडूप, खाली गवत, आणि त्याखाली पाला, असे थर असतील तर पाणी मुरतं. जंगल खात्याच्या निव्वळ सागाच्या लागवडीतही हाच प्रकार आहे. सागाचं पान सुपासारखं. त्यावर पाऊस गोळा होतो आणि मोठा थेंब होऊन उंचावरून खाली पडतो. खाली गवत-झुडूप ठेवलेलं नसेल, नाही तर पाला जळून गेला असेल, तर सागाच्या खालची माती मोकळ्या माळापेक्षाही जास्त धुपते. मुळं उघडी पडलेले साग तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. झाड सरकारी आहे म्हणून पाऊस त्याला वेगळा नियम लावत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही आदिवासी राब भाजता, टहाळ तोडता, तुमच्यामुळेच डोंगर उघडे झाले. हे आम्ही मीटिंगांत ऐकत आलोय. राब भाजतो तो रोपाच्या जागेपुरता. दहा गुंठे भाताला साधारण एक गुंठा दाढ लागते. शेंडे छाटलेला ऐन पुन्हा फुटतो, त्याचं मूळ जागेवर असतं. बुलडोझरने उपटलेला फुटत नाही. वणव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. वणव्यात पाला जातो आणि पावसाच्या तोंडावर डोंगर उघडा पडतो. तो कोणीही लावलेला असो, विझवायला आपण गेलं पाहिजे, कारण बाव आपली आहे.

दुसरी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाही तर कंपनीवाले आपल्याच बोलण्यावर आपल्याला पकडतील. पाणी मुरणं सगळीकडे चांगलं नसतं. कारखान्याची राख, भट्टीचा मळ, रसायनाचा गाळ जिथे टाकलेला असतो तिथे पाणी मुरलं तर ते विष घेऊन खाली जातं, आणि तेही त्याच मुरमातून आपल्याच बावेत येतं. तिथे गवत लावलंय म्हणून समाधान मानायचं नाही. असा ढीग बावेच्या वरच्या अंगाला नकोच, हेच म्हणायचं. खाली पक्का थर, वर झाकण, भोवती चर, हे असल्याशिवाय कुठेच नको. पाणी मुरवायचं ते स्वच्छ जमिनीतून.

उघड्या ढिगावर झाडं येतच नाहीत असं नाही. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या खाणीच्या मातीच्या ढिगांवर नागपूरच्या नीरी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी झाडं वाढवून दाखवली. त्यांनी नुसती रोपं खोचली नाहीत. साखर कारखान्यातली मळी घातली, मुळांना साथ देणाऱ्या बुरशीचं आणि जिवाणूंचं खत दिलं, म्हणजे आधी माती तयार केली. हे काम मेहनतीचं आणि खर्चाचं आहे. चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या खाणींनी जे मातीचे डोंगर उभे केलेत, त्यांच्या पायथ्याला आपले गोंड आणि कोलाम भाऊ राहतात. कोणी कंपनी म्हणाली की काम संपल्यावर आम्ही जमीन पहिल्यासारखी करून देऊ, तर तिला विचारा: वरची वीतभर माती वेगळी काढून कुठे ठेवणार? किती वर्षं ठेवणार? मळी, शेणखत किती गाड्या घालणार? ट्रकने दाबलेला मुरूम नांगरणार का? हे कागदावर लिहून देणार का? याचं उत्तर नसेल तर "पहिल्यासारखी" हा शब्द सोडून द्या म्हणावं.

आता कागदाचं. वाडा, जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हा अनुसूचित भाग आहे. इथे १९९६ चा पेसा कायदा लागतो. जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. यातल्या "किंवा" वर लक्ष ठेवा. सरपंचाला तालुक्याला बोलावून सही घेतली की सल्लामसलत झाली असं दाखवतात. दगड, मुरूम, रेती ही गौण खनिजं. त्यांची खाण देण्याआधी शिफारस घेणं बंधनकारक आहे, म्हणजे क्रशरवाल्यालाही आपल्याला टाळता येत नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाताना महसूल कायद्याचं कलम ३६ अ आहे, त्याबद्दल काल झालंच. मोठे उद्योग आणि खाणी, जे केंद्र सरकारच्या पर्यावरणाच्या अधिसूचनेच्या (२००६ पर्यंत ती २७ जानेवारी १९९४ ची होती) यादीत आहेत, त्यांना एप्रिल १९९७ पासून जनसुनावणी घ्यावी लागते. तिची नोटीस तीस दिवस आधी पेपरात छापावी लागते, त्यातला एक पेपर आपल्या भाषेतला. आपल्या पाड्यावर पेपर येत नाही ही गोष्ट वेगळी. म्हणून तालुक्याला शिकणाऱ्या पोरांवर हे काम दिलंय: रोज स्टँडवरच्या दुकानात पेपर चाळायचा, जाहिरातींचं पान आधी.

सुनावणीत आपण नुसतं "नाही, नाही" ओरडलो तर ते लिहून घेतात की गावकऱ्यांनी गोंधळ केला. तिथे वही काढायची. अमुक वरकस, अमुक गट नंबर, एवढ्या वेळात एवढं पाणी मुरतं. तिच्या खाली अमुक बाव, अमुक तीन डवरे, एवढ्या घरांचं गरवं भात. कारखान्याच्या माळावर तेवढंच पाणी एवढा वेळ उभं राहतं. साक्षीदार अमुक. आणि मग विचारायचं की अहवालात या बावेचं नाव का नाही.

ही वही पाऊस लागायच्या आत तयार पाहिजे, आणि पावसात एकदा, भात कापल्यावर एकदा, तशीच पुन्हा. पावसाआधी माती कोरडी असते, पावसात भिजलेली, त्यामुळे वेळ वेगवेगळा येणार. म्हणून तारीख लिहायची आणि कोरडी की ओली तेही लिहायचं. बावेचं पाणी दर अमावास्येला दोरीने मोजायचं, दोरीला हाताहाताला गाठ. हे काम बायांनी घ्यावं असं आम्हाला वाटतं. पाण्याची खरी माहिती त्यांनाच असते आणि दोरीही त्यांच्याच हातात असते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी भिंतीवर रेघा माराव्यात, आम्ही येऊन उतरवून घेऊ.

डबे दोन आहेत, ते संघटनेच्या ऑफिसात ठेवलेत, सही करून न्यायचे. बाकीच्या पाड्यांनी आपापला डबा कापावा, पण सगळ्यांनी दोन किलोचाच गोल डबा घ्यावा आणि सगळ्यांचा तांब्या एकाच मापाचा असावा, नाही तर एका पाड्याचं दुसऱ्याशी जुळणार नाही. डबा कापल्यावर वरच्या कडेला फडकं गुंडाळा. आमच्यातल्या दोघांचे हात कापलेत.